किंडलवर नाही, म्हणजे नाहीच?

आमच्या मंडळातील एका सुविद्य सभासदांनी परवा एका नव्या कादंबरीविषयी निकाल दिला : "किंडलवर नाही, म्हणजे ई-पुस्तक निघालेलेच नसावे." उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. आमची हरकत आहे आणि ती आम्ही येथे नोंदवितो.

१९५६ च्या नोव्हेंबरात उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. तेव्हापासून इकडच्या घरांना, तसेच आळंद-गुलबर्ग्याकडच्या घरांना, मराठी पुस्तक सहजी मिळाले असे कधी झाले? उदगीर-सोलापूरला निघालेल्याच्या हाती यादी द्यावयाची, नाहीतर व्ही.पी.ने मागवून पोस्टमनची वाट पाहावयाची. एका दुकानात नसेल तर दुसऱ्याची पायरी चढावी, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आणि आपण मात्र घरबसल्या बाजार हाती आल्यावर एकाच दुकानाच्या ओट्यावर बसकण मारली आहे!

अ‍ॅमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके किंडलवर आणली ती डिसेंबर २०१६ मध्ये. पुण्याचे बुकगंगा त्याआधीपासून मराठी ई-पुस्तके विकत होते. गूगल प्लेवरही मराठी पुस्तके आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तके विनामूल्य देते; महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक प्रकाशने त्याच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. यांपैकी किती ठिकाणी आपण शोधले?

काही नवी पुस्तके केवळ किंडलवरच असतात, हे खरे. स्वतःच पुस्तक काढणारा लेखक तेथील एका योजनेत गेला, की नव्वद दिवस ते ई-पुस्तक अन्यत्र विकण्यास त्याला मनाई असते आणि ही मुदत आपोआप वाढत राहते. अशा लेखकांना वाचकांनीच पत्र लिहून जाब विचारावा.

महसूल खात्यात आयुष्य गेल्याने अटी वाचण्याची आम्हांस खोड आहे. त्या दुकानात 'खरेदी' म्हणजे वाचनाचा परवाना. पहाणीच्या भाषेत सांगावयाचे तर मालकीच्या रकान्यात आपले नाव लागतच नाही. २००९ साली ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली गेली. पुढे पैसे परत दिले, क्षमाही मागितली. पण हात पोहोचतो हे दिसलेच. २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची जुनी सोयही बंद झाली. बुकगंगाचे ई-पुस्तकही त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडते, हे आम्ही लपवीत नाही.

आजोबांच्या कपाटातील पुस्तके नातवाकडे आली, म्हणून कानडी शाळेत शिकूनही त्याची मराठी टिकली, अशी घरे या वाचकांत थोडी नाहीत. आपले किंडलवरील खाते कोणत्या नातवाकडे जाणार?

म्हणून आमची सूचना : मंडळाने प्रत्येक अंकात नव्या मराठी ई-पुस्तकांची एक पानभर यादी द्यावी, पुस्तक कोठे मिळते, फाईल आपल्यापाशी राहते की नाही आणि दुसऱ्यास वाचावयास देता येते की नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. पहिली यादी करण्याचे काम आम्ही अंगावर घेतो.