न मिळालेले समन्स आणि न कळलेला निकाल

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या घराला दिवाळीनंतर लागलेले कुलूप उन्हाळ्यातच निघते. समजा, याच दिवसांत गावातल्या एखाद्या बड्या खातेदाराने त्या कुटुंबाच्या दोन एकरांवर दावा दाखल केला. समन्स घेऊन बेलिफ गावात येतो. स्टँडवरच्या हॉटेलात वादीच्याच माणसाबरोबर चहा घेतो आणि कागदावर शेरा मारतो, ‘प्रतिवादीने घेण्यास नकार दिला.’ कोर्टात पुकारा होतो. प्रतिवादी गैरहजर! एकतर्फी हुकूमनामा होतो. कुटुंब गावी परतते तेव्हा दरखास्तीचा बेलिफ जमिनीचा ताबा घ्यायला आलेला असतो. ज्याला कोणी बोलावलेच नाही, तो ‘आला नाही’ म्हणून हरला. याला न्याय म्हणायचे काय?

समन्स म्हणजे कोर्टाचा एक साधा कागद, असे समजण्याची चूक आपल्यातले शिकलेले लोकही करतात. वास्तविक, प्रतिवादीविरुद्ध निकाल देण्याचा न्यायालयाचा अधिकार त्या कागदाच्या योग्य बजावणीवर उभा असतो. तुझ्यावर हा दावा आहे, अमुक तारखेला ये आणि तुझी बाजू मांड, असे सांगितल्याशिवाय कोणाची जमीन, घर वा पैसा काढून घेता येत नाही. गावकीने रात्री बैठक घ्यायची, बहिष्काराचा ठराव करायचा आणि ज्याच्यावर बहिष्कार टाकला त्याला बैठकीला बोलवायचेही नाही, ही जुनी व्यवस्था होती. संविधानाच्या राज्यातील न्यायालय आणि ती गावकी यांच्यातला फरक ‘दुसरी बाजू ऐकणे’ या एका गोष्टीत आहे. खोटा शेरा हा फरकच पुसून टाकतो.

कायदा याबाबत मुका नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ५ वाचा. समन्ससोबत दाव्याची नक्कल हवी. प्रतिवादीने नकार दिला किंवा शोध घेऊनही तो सापडला नाही, तर नियम १७ प्रमाणे बेलिफने नक्कल घराच्या दर्शनी भागावर चिकटवायची. ती केव्हा आणि कशी चिकटवली, घर कोणी दाखवले, कोणासमक्ष चिकटवली हे नावपत्त्यासह लिहायचे. त्या अहवालाला शपथपत्राची जोड नसेल तर नियम १९ प्रमाणे न्यायाधीशांनी बेलिफला शपथेवर तपासलेच पाहिजे. २००२ साली एका भाडेकरूच्या प्रकरणात नकाराचा शेरा होता, परंतु साक्षीदार नव्हता आणि नक्कलही चिकटवलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने तो एकतर्फी हुकूमनामा रद्द केला. २०१८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणातही हे नियम न पाळता वर्तमानपत्रातील जाहिरातीच्या आधारे मिळवलेला हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. नियम आहेत, निकाल आहेत. मग तालुक्याच्या कोर्टात शेऱ्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवला जातो?

या कायद्यात मनुस्मृतीची सावलीही होती. प्रतिवादी घरी नसेल तर समन्स कुटुंबातल्या ‘प्रौढ पुरुषा’कडेच देता येई. घर चालवणारी बाई कोर्टाच्या लेखी कोणीच नव्हती! दिवाणी कायद्यातली ही अट १९७६ च्या दुरुस्तीने गेली. फौजदारी कायद्यातून ती जायला मात्र १ जुलै २०२४ रोजी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत वाट पाहावी लागली.

बाजू ऐकून घेतल्याने काय होते, हे आपल्या चळवळीने महाडला पाहिले आहे. १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा टाकला आणि बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांना अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे येण्याआधीच १४ तारखेला मनाई हुकूम निघाला. चवदार तळ्यावर जाण्यासाठी हजारो लोक जमले असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टात उत्तर दिले. प्रतिवादींची बाजू पुढे येताच २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तोच मनाई हुकूम उठला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयातही आपण जिंकलो. बाबासाहेबांनी कोर्टाचा कागद टाळला असता तर?

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे, बेलिफ आला तर पळू नका, कागद परत पाठवू नका. पोस्टाने आलेले पाकीट नाकारले तरी कोर्ट ते बजावल्याचे धरू शकते. तारखेची खबर होती हे सिद्ध झाले, तर बजावणीतली किरकोळ चूक दाखवून हुकूमनामा रद्द होत नाही. समन्स घ्या, घेतल्याची तारीख लिहून ठेवा. कैफियत द्यायला ३० दिवस असतात. दावा भलत्याच गावच्या कोर्टात टाकला असेल तर ती हरकत पहिल्याच संधीला घ्या. नंतर ती सहसा ऐकली जात नाही.

आणि समन्स खरोखरच मिळाले नसेल तर खचू नका. आदेश ९ नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज देता येतो. हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मुदत ३० दिवसांची. ‘पेपरात जाहिरात दिली होती’ असे वादी म्हणाला तरी या मुदतीपुरती ती जाहिरात योग्य बजावणी ठरत नाही. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा.

न्यायव्यवस्थेकडेही आमची मागणी आहे. आता व्हॉट्सअॅपवरून समन्स पाठवण्याची भाषा सुरू आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही मुलगा कामावर घेऊन जातो, त्या घरात निळी खूण दिसली म्हणजे बापाला दावा कळला, असे मानायचे काय? तेच तंत्रज्ञान आधी बेलिफच्या हाती द्या. दाराचा फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद असल्याशिवाय नकाराचा शेरा स्वीकारू नका. खोटा शेरा मारणाऱ्यावर कारवाई करा.

चळवळीतल्या वकिलांनी आणि शिकलेल्या तरुणांनी वस्तीवस्तीत आठवड्यातून एक दिवस बसावे, लोकांकडे आलेले कागद वाचून दाखवावेत. कागद न वाचल्यामुळे आपली पुष्कळ जमीन गेली आहे. जी उरली आहे, ती तरी राखू या!