केसपेपरची खिडकी

घरातले दागिने कोठे ठेवले आहेत हे गृहिणीला एक वेळ आठवणार नाही. पण डॉक्टरांच्या कागदांची पिशवी कोठे आहे, हे शेंडेफळालाही ठाऊक असते. आमच्या सीवूड्सच्या घरी ती साड्यांच्या दुकानाची पिशवी आहे. नेरूळ, बेलापूर, वाशी अशा तीन गावच्या डॉक्टरांनी पाहिलेली आईची प्रकृती तीत घडी घालून ठेवलेली आहे. तिच्या तळाशी एक पिवळी पडलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर लाल शाईची एक ओळ : पेनिसिलीन सोसत नाही.

ही पिशवी मोडीत काढण्याचे सरकारने मनावर घेतले आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. १४ आकडी ‘आभा’ क्रमांक घ्यावा, आणि आपली संमती असेल तर एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्याला दिसावी, अशी योजना. कल्पना उत्तम, पण कल्पनेची आणि कचेरीची पत्रिका जुळतेच असे नाही. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली, खासगी कंपनीकडे असलेली संगणकीय नोंदव्यवस्था बंद झाली आणि डॉक्टरमंडळी पुन्हा हाताने लिहू लागली. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ प्रणाली आली खरी. पण मधल्या काळात रोग्याने जुना अहवाल मागायचा कोणाकडे? भाड्याची जागा घेताना पाणी किती वाजता येते हे आपण आधी विचारतो!

माझी भाची रुग्णालय-व्यवस्थापन शिकते. एका कल्पित रुग्णालयासाठी अशीच योजना आखून तिला परीक्षकांपुढे मांडायची होती. रंगीत तालीम आमच्या दिवाणखान्यात झाली. भिंतीवर तीस स्लाइडी. बाण, चौकोन, खर्चाचे तक्ते, सगळे बिनचूक. आईने शांतपणे ऐकून घेतले.

“बाळे, केसपेपरच्या खिडकीवर सकाळी किती माणसं असतात गं?”

“ते नाही मोजलं, आजी.”

“आणि माझी ती लाल ओळ कोण भरणार? डॉक्टर, की खिडकीवरची बाई?”

भाचीने अठरा स्लाइडी काढून टाकल्या आणि तीन सकाळी एका दवाखान्याच्या रांगेशेजारी घड्याळ घेऊन उभी राहिली. हाताने केसपेपर काढायला दोन मिनिटे लागत. तिच्या योजनेतली सगळी माहिती टंकायची तर पाच! तेव्हा तिने खिडकीवर फक्त नाव, वय आणि क्रमांक ठेवले. कोणते औषध सोसत नाही हे नर्सने विचारायचे, डॉक्टरांनी पाहून कायम करायचे. तातडीचा रोगी सोडला तर त्यावाचून औषधांची चिठ्ठी छापली जाणार नाही. पहिला महिना एकाच विभागात. कंपनी सोडून गेली तर सगळ्या नोंदी किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत करायच्या, हे करारात. वीज गेली तर कोरे केसपेपर कोणत्या खणात, हेसुद्धा तिने लिहिले.

परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या खणावरच घेतला म्हणे. किल्ली कोणाकडे, असे त्यांनी विचारले. भाचीपाशी उत्तर तयार होते : खिडकीवरच्या बाईंकडे.