नदीकाठच्या कचऱ्याचा पंचनामा

अमेरिकी कलावंत मार्क डायॉन यांनी १९९९ साली लंडनमध्ये स्वयंसेवकांसह ओहोटीच्या वेळी थेम्सच्या काठावरील टाकाऊ वस्तू वेचल्या. मातीच्या जुन्या चिलमी, हाडे, शिंपले, प्लास्टिक हे सारे धुऊन, वर्गवारी करून टेट कलासंग्रहालयासाठी महोगनीच्या कपाटात मांडले. शतकांपूर्वीचा आणि कालचा कचरा तेथे एकाच मानाने शेजारी बसला. चिलमींना आज वारसा म्हटले जाते. प्लास्टिकला उद्याची पिढी काय म्हणेल?

देशात १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. मांडवीकाठी असे कपाट भरले, तर तो या बंदीच्या अंमलबजावणीचाच पंचनामा ठरेल. कलेने पुरावा जपला, तरी नदी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी पालिका, पंचायती आणि कचरा टाकणारे हात यांचीच राहते.