पुढच्या वर्षीची परसबाग आत्ता वेलावर उभी आहे

थंडी पडली की पुढच्या वर्षाची स्वप्नं सुरू होतात. मांडवावर काय, परसात काय, बांधाला काय. आणि जूनमध्ये करतो काय? दुकानात जाऊन रंगीत पुडी उचलतो. परसबागेपुरतं तरी हे बंद करा.

बी कसं धरतो आपण? पहिली भरलेली शेंग बाजारात, नाहीतर भाजीत. वेल थकल्यावर उरलेली खुरटी, किडकी शेंग वाळली की म्हणायचं, 'बियाला ठेवलीय.' आणि चार वर्षांनी ओरडायचं, गावरान वाणात दम राहिला नाही! अहो, दम राहील कसा? वर्षानुवर्षं कमजोर बी आपणच पेरत आलो.

आत्ता चांगला वेल हेरा, चिंधी बांधा, घरात बजावून ठेवा. (पाहुणे आले की नेमकी तीच शेंग तुटते, हा अनुभव सगळ्यांचा.) वाल-घेवड्याचं सोपं आहे, फूल सहसा स्वतःच्याच परागानं फळतं. दुधी, दोडका, भोपळ्याला मात्र शेजारच्या वेलाचा पराग लागतो आणि वाण बिघडतो. त्यासाठी उमलायच्या आधीच नर-मादी फुलं कागदी पिशवीनं झाकायची, उमलली की हातानं पराग लावायचा, परत झाकायचं, देठाला खुणेचा दोरा. दुधी-दोडका संध्याकाळी उमलतो, भोपळा पहाटे. पाच मिनिटांचं काम, पण कोण करतो?

संकरित जास्त निघतं म्हणतात. निघतं, खोटं नाही. दोन एकर टोमॅटो बाजाराला करायचा तर मीही पुडीच घेईन. पण त्याचं बी धरून पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणजे दरवर्षी खिशात हात. घरच्या चार माणसांच्या भाजीला हा खर्च कशाला?

कुणी कायद्याची भीती घालतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ वाचा. बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क आपल्याला आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री मिळाली ती देशी बियांच्या कामासाठीच. आपण त्यांचा फोटो फॉरवर्ड केला आणि मृगाला पुडी आणली.

मी या वर्षी पावटा आणि काटेरी वांगी धरलीत. कुणाकडं जुनी पावसाळी काकडी असेल तर सांगा. मूठभराला मूठभर.