अठरा तासांचा अभ्यास आणि हरवलेली झोप

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून तो पाळला जातो. आपल्या वस्त्यांत त्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी चाललेली असते, दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्यांची जुळवाजुळव असते आणि शेतात सोयाबीनची सोंगणी असते. त्यामुळे ही तारीख कुणाच्या ध्यानात राहत नाही. महाविद्यालयांत मात्र वरून परिपत्रक येते, आणि परिपत्रक आले की कार्यशाळा होते.

आमच्या एका वाचक प्राध्यापकांच्या आग्रहावरून गेल्या ऑक्टोबरात बुलडाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अशाच कार्यशाळेला आम्ही जाऊन बसलो. सभागृह भरलेले होते. मुली एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला. फलक, हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय यात पाऊण तास गेला. मग वक्त्यांनी सांगितले की डोळे मिटा, खोल श्वास घ्या, चांगले विचार मनात आणा, पहाटे उठा, मोबाईल दूर ठेवा. वक्ते तळमळीचे होते, त्यांची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. शेवटी त्यांनी विचारले, "कोणाला काही प्रश्न आहेत का?" तीनशे पोरांत एकही हात वर झाला नाही. आभार मानले गेले, चहा झाला, फोटो निघाले.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा सायकल स्टँडजवळ एक मुलगा घुटमळत उभा होता. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा. आपल्याच समाजाचा, हे त्याने "जय भीम" म्हटले तेव्हा कळले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्यावर तो म्हणाला, "सर, मले झोप लागत नाई. दीड महिना झाला."

"घरी सांगितलंस का?" आम्ही विचारले.

"माय रोज सोंगणीले जाते. तिले काय सांगू?"

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नाही. खोलीचे भाडे दोन महिन्यांचे थकलेले. चौघे मिळून खोली घेतली, तीही पाच घरे फिरल्यावर मिळाली, कारण प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारले जायचे. वर्गात कोणीतरी "तुमचं काय, तुम्हाले सवलत हाय" असे हसत हसत म्हटले होते. ते वाक्य रात्री दिवा विझला की कानात पुन्हा सुरू होते. आणि एक विषय राहिला होता, तो घरी कळलेला नव्हता.

आता आम्हाला सांगा, या पोराने खोल श्वास घेऊन काय करायचे? श्वासाशी आमचे वैर नाही. आनापानसती ही तथागतांचीच शिकवण आहे, आणि घाबरलेल्या जिवाला दोन मिनिटे तिने खरोखर बरे वाटते. परंतु तथागतांनी दुःख आहे हे आधी मान्य केले आणि मग त्याचे कारण शोधले. आमच्या कार्यशाळा कारणाला शिवतच नाहीत. त्या एवढेच सांगतात की पोरा, बिघाड तुझ्या डोक्यात आहे, तेवढा तू दुरुस्त कर. भाडे, आडनाव, रखडलेला हप्ता, वर्गातले हसणे यांचे नाव त्या सभागृहात दोन तासांत एकदाही निघाले नाही. मग हात कोण वर करणार?

हा प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यांतील प्रत्येकाचे कारण जातच होते असे कोणी म्हणणार नाही. पण १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आय.आय.टी.त दर्शन सोळंकी गेला. तिघांच्याही घरच्यांनी जातीच्या छळाकडे बोट दाखवले. पायल तर आपल्या शेजारच्या जळगावची, तडवी समाजातली डॉक्टर. या पोरांना पहाटे उठण्याचा सल्ला कमी पडला होता काय?

रोहितची आई राधिका आणि पायलची आई आबेदा या दोघी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आपल्या लेकरांचे व्हायचे ते होऊन गेले होते, आता दुसऱ्यांच्या लेकरांसाठी त्या उभ्या राहिल्या. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभावाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली होती. थोरात सर अमरावती जिल्ह्यातले, बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. अनुसूचित जाती-जमातींची पोरे वसतिगृहात कशी एका बाजूला पडतात, शिक्षक त्यांच्याशी कसे वागतात, हे त्या अहवालात लिहिलेले आहे. तेव्हा हे कोणाला ठाऊकच नव्हते, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. पुढे २५ जुलै २०२५ ला दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतली एक प्रत्येक पालकाने पाठ करावी अशी आहे. ज्या संस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करावी. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, आणि वंचित समाजातून आलेल्या मुलांशी कसे वागावे हेही त्यांना शिकवावे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक अक्षरांत लावावेत. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांना अदबीने विचारा, "सर, समुपदेशक कोण आहेत? कोणत्या खोलीत, किती वाजता बसतात?" वर्षातून एकदा झालेली कार्यशाळा हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

एवढे सरकारला आणि संस्थांना सुनावले, आता थोडे आपल्या घरात येऊ. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे.

आपल्याकडे जयंतीच्या सुमारास विहारात, महाविद्यालयात 'अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. उत्तम उपक्रम आहे. बाबासाहेबांना डी.जे.पेक्षा पुस्तकाने केलेले अभिवादन आम्हाला केव्हाही प्रिय. पण त्या अठरा तासांची आपण घरोघरी छडी केली आहे. पोरगा थकला की बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत. पोरगी रडली की भीमाची लेक रडत नसते. नापास झाला की एवढे मोठे उपकार आणि तू हे पांग फेडलेस? सायकल स्टँडजवळच्या त्या मुलाला आम्ही विचारले, "बाबांना का नाही सांगत?" तो म्हणाला, "बाबा म्हणतीन, बाबासाहेबाइनं किती सोसलं, तुले एवढं बी सोसत नाई?" ज्यांच्या नावाने या पोराला उभारी यायची, त्यांच्याच नावाने आपण त्याचे तोंड बंद करून टाकले.

बाबासाहेब रडले नाहीत, हे कोणी सांगितले? १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढले. हिंदू मित्राने जागा दिली नाही, ख्रिस्ती मित्रानेही टाळले. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत कामाठी बागेत ते एकटे बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे, आणि अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येते, हेही त्यांनी लपवलेले नाही. एवढा मोठा माणूस आपले अश्रू कागदावर लिहून ठेवतो, आणि आपण आपल्या वीस वर्षांच्या पोराला रडायची चोरी करतो. भाड्याच्या खोलीसाठी आडनाव लपवण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याला अठरा तासांच्या आधी बडोद्याची ही गोष्ट सांगा.

दुसरी गोष्ट सैलानीची. पिंपळगाव सराईजवळचे सैलानी आपल्याच जिल्ह्यात. होळीच्या यात्रेला दूरदूरहून लोक येतात, नारळांची होळी पेटते, आणि 'बाहेरचे' झाले म्हणून मनोरुग्णांना तिथे आणून ठेवले जाते. कोणाच्या श्रद्धेला आम्हाला दुखवायचे नाही. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही शेजारणीच्या सांगण्यावरून गुपचूप तिथे जाणे होते, हे आम्हाला आणि तुम्हालाही ठाऊक आहे. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठे नुकसान वेळेचे होते. सहा महिने फेऱ्या मारण्यात जातात, आणि तोवर साधा उदासीचा आजार जुना होऊन बसतो.

कधी सावध व्हायचे? माणूस चार दिवस नाराज असतो, ते चालायचेच. परंतु दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, पोरगे फोन उचलणे टाळत असेल, "मी तुमच्यावर ओझं आहे" असे बोलू लागले असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर वाट पाहू नये. "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का रे?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून जीव हलका होतो. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री-बेरात्री केव्हाही लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून राबवला जात आहे, त्यातून सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. त्यासाठी नागपूरच्या मनोरुग्णालयाची वाट धरायची गरज नाही. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. आणि आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न समजता तीव्र मानसिक ताणाखाली असलेला समजायचे ठरवले आहे.

मुलींच्या बाबतीत आयाबाया म्हणतात, "कोणाले कळलं तर सोयरीक कशी होईन?" ताई, मावशी, मधुमेहाची गोळी घेणाऱ्या मुलीचे आपण लग्न करतोच ना? मनाच्या गोळीला वेगळा न्याय का?

आता एक सूचना. वर्षावासात आपल्या विहारांतून रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. चांगले चार-दोन तास वस्ती एकत्र असते. येत्या वर्षावासात आठवड्यातली एक संध्याकाळ महाविद्यालयात जाणाऱ्या पोरांना द्यावी. भाषण नको, पाहुणा नको, फोटो तर नकोच. शिकून नोकरीला लागलेल्या चार जणांनी आधी आपले सांगावे, आपण कुठे नापास झालो, कुठे अपमान गिळला, कोणत्या रात्री रडलो. मोठ्यांनी तोंड उघडले की लहानांचे उघडते. किसा गोतमी मोहरी मागत घरोघर गेली तेव्हा मोहरी मिळाली नाही, पण प्रत्येक घराने आपले दुःख तिला सांगितले. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला हे पाहणारा एखादा जाणकार तरुण त्याच संध्याकाळी विहारात बसवावा. पोरांची अर्धी झोप तिथेच अडकलेली असते.

आमच्या त्या मुलाचेही तसेच निघाले. त्याचे बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते, म्हणून हप्ता लटकला होता. प्राध्यापक महाशय एका सकाळी त्याच्यासोबत बँकेत गेले, काम अर्ध्या तासात झाले, पैसे यायला मात्र आणखी महिना गेला. दवाखान्यात तो मावशीला घेऊन गेला. मायला दिवाळीनंतर सांगितले. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "येड्या, मले आंधीच सांगायचं नाई का?" राहिलेला विषय त्याने पुन्हा दिला आहे. झोप अजून पुरती लागत नाही, पण तीन वाजेपर्यंतचे जागरण आता बारावर आले आहे, असे परवा फोनवर सांगत होता.