कुत्रं दत्तक दिलं, पुढं काय?

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं भटकी कुत्री दत्तक घ्यायला मोकळीक दिली. मात्र घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

मान्य. पण घरी आणलेलं कुत्रं पलंगाखाली घुसतं, मिक्सर लावला की थरथरतं. आठ दिवसांत घरचे वैतागतात, "हे काय राखण करणार!" आणि रात्री गावाबाहेर सोडून येतात.

अहो, ते घाबरलंय! ओढून बाहेर काढू नका. नजर न रोखता बाजूला बसा, चपातीचा तुकडा टाका, स्वतःहून येऊ द्या. हाताला नाक लावलं की लगेच खाऊ. मिक्सर आधी लांबच्या खोलीत, मग हळूहळू जवळ. याला महिने लागतात. आणि गुरगुरलं म्हणून मारायचं तर अजिबात नाही. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी थेट चावा. (रेबीजची लस आधी, त्यात लाड नाहीत.)

नगरपालिकेनं दत्तकाच्या अर्जावर सही घेताना तासभर एवढं तरी शिकवावं. पशुवैद्यकीय दवाखान्यातला एक जाणकार माणूस पुरेल. येत्या सर्वसाधारण सभेत कोण नगरसेवक हा विषय मांडतोय?