रस्ता नवा, डिझेलची बादली मात्र जुनीच!

फावडी, रोलर आणि डंपरला चिकटलेले डांबर काढताना रस्त्याचेच नुकसान कसे होते? नियम काय सांगतात आणि सफाईचा खर्च कोणी उचलायचा?

मार्चअखेर जवळ आली की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत रस्त्यांच्या कामांना वेग येतो. पावसाळ्याआधी डांबराचा थर पडलाच पाहिजे, अशी घाई असते. अशा कामांवर रोलर आणि पेव्हरच्या जवळपास एक वस्तू बहुतेक वेळा दिसते, ती म्हणजे डिझेलची बादली. त्यात फावडे बुडवायचे, दंताळे घासायचे, रोलरच्या चाकावर डिझेलची चिंधी फिरवायची आणि संध्याकाळी हातही त्यातच धुवायचे. ही सवय आता मोडायला हवी. ती मजुराच्या कातडीला, शेजारच्या शेताला आणि खुद्द नव्या रस्त्यालाही महाग पडते.

डांबर एवढे चिकटते का?

ज्याला आपण डांबर म्हणतो ते प्रत्यक्षात बिटुमेन असते. खनिज तेल शुद्ध करताना मागे उरणारा हा घट्ट, चिकट पदार्थ. व्हीजी-३० प्रतीच्या बिटुमेनचे मिश्रण हॉटमिक्स प्लांटमध्ये १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होते. अंथरताना ते किमान १४० अंश गरम असावे लागते आणि ९० अंशांच्या खाली येण्याआधी रोलिंग संपवावे लागते. त्या मानाने लोखंडी फावडे थंड असते. गरम मिश्रण त्याला लागले की गोठते, त्यावर दुसरा थर बसतो, मग तिसरा. फावडे जड होत जाते.

यंत्रांचे दुखणे मोठे. रोलरच्या चाकाला मिश्रण चिकटले तर चाक नव्या थरातली खडी उचलून घेते. पेव्हरच्या स्क्रीडवर, म्हणजे थर सपाट करणाऱ्या पट्टीवर, गोळे राहिले तर रस्त्यावर रेघा उमटतात. म्हणजे सफाई हवीच. प्रश्न आहे तो कशाने करायची हा.

डिझेलने नेमके काय होते?

डिझेल आणि बिटुमेन दोन्ही खनिज तेलापासूनच मिळतात. म्हणूनच डिझेल डांबर झटकन विरघळवते. रस्तेबांधणीत केरोसीन किंवा डिझेलसारखे तेल मिसळून मुद्दाम पातळ केलेल्या डांबराला ‘कटबॅक’ म्हणतात. फावड्यावरून ठिबकणारे डिझेल नव्या थरात नको तिथे हेच करते. खडीला धरून ठेवणारा लेप मऊ पडतो, खडी सुटते आणि त्या जागी पाणी शिरते. सगळे खड्डे डिझेलमुळे पडतात असे कोणी म्हणणार नाही. कच्चा पाया आणि पाण्याचा निचरा नसणे ही मोठी कारणे आहेतच. पण हे कारण फुकटात टाळता येण्यासारखे आहे.

दुसरा धोका आगीचा. भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी लागताच त्याची वाफ पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश असावे लागते. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात, तापलेल्या स्क्रीडजवळ उघडी बादली ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रणच.

तिसरा धोका कातडीचा. डिझेल त्वचेतली स्निग्धता ओढून घेते. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते. उरलेले काळे डिझेल कडेच्या चारीत ओतले जाते आणि पावसाबरोबर शेतात, नाल्यात जाते. तेलकट चिंध्या आणि वापरलेले तेल यांची विल्हेवाट कशी लावायची, हे २०१६ च्या घातक कचरा नियमांत सांगितले आहे. चारी हे त्याचे उत्तर नाही.

नियम काय सांगतो?

रस्ते व पूल कामांसाठी केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे तांत्रिक निकष आहेत. रोलरची चाके पाण्याने ओली ठेवावीत, त्यासाठी इंधन किंवा वंगण तेल कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. डंपरच्या बाबतीत झालेला बदल बोलका आहे. २००१ च्या चौथ्या आवृत्तीत अभियंत्याच्या परवानगीने डंपरला आतून डिझेलचा पातळ हात देण्याची मुभा होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्या जागी साबणाचे किंवा चुन्याचे पाणी आले. पुस्तक बदलले, बादली बदलली नाही.

मग करायचे काय?

• काम सुरू होण्याआधी फावडी, दंताळी आणि डंपरचा हौदा साबणाच्या किंवा चुन्याच्या पाण्याने ओला करावा. पाणी साचू देऊ नये.
• अवजार गरम असतानाच पत्र्याने खरवडावे. जेवणाच्या सुट्टीआधी आणि दिवसअखेर दिलेली पाच-दहा मिनिटे पुढचे तासभराचे घासणे वाचवतात.
• गोठलेले डांबर थंडीत ठिसूळ होते. धुळ्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हातोडीच्या हलक्या ठोक्याने जे निघते, ते मे महिन्याच्या दुपारी निघत नाही.
• जुन्या गोळ्यांवर साबणाचे पाणी चालत नाही. त्यासाठी वनस्पती तेल किंवा बायोडिझेल वापरावे. अवजार रस्त्यापासून दूर, पत्र्याच्या ट्रेमध्ये भिजत ठेवावे.
• हातांना गोडे तेल चोळून मग साबण लावावा. गरम डांबर अंगावर पडले तर ते ओढून काढू नये आणि डिझेल तर लावूच नये. साध्या पाण्याने किमान २० मिनिटे गार करून थेट दवाखाना गाठावा.

खर्च कोणाचा?

ठेकेदारांची बाजूही समजून घ्यावी लागेल. डिझेल कामावर असतेच, लगेच काम करते आणि तालुक्याच्या गावात खास सफाई द्रव सहज मिळत नाही. सरकीचे तेल लिटरमागे डिझेलपेक्षा महाग पडेल, हेही खरे. पण नव्वदी पार गेलेले डिझेल ओतून दिले जाते, ट्रेमधले तेल पुन्हा पुन्हा वापरता येते. साबण आणि चुना तर प्रत्येक गावात मिळतो.

खरी अडचण वेळेची आहे. सफाईची ती दहा मिनिटे कोणाच्याच हिशेबात नसतात. दिवसाचे अंतर गाठायचे असते, मजूर सुटायच्या घाईत असतो आणि मग हात बादलीकडे जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि दोन्ही महापालिकांनी निविदेतच सफाईचे साहित्य, ट्रे, हातमोजे आणि सफाईचा वेळ यांची वेगळी तरतूद करावी. मिश्रणाचे तापमान तपासणाऱ्या अभियंत्याने रोलरची पाण्याची टाकी भरलेली आहे का, हेही पाहावे आणि नसेल तर काम थांबवावे.

नागरिकांनाही यात काम आहे. आपल्या कॉलनीत थर पडत असताना रोलरवर डिझेलची चिंधी फिरताना दिसली, तर फोटो काढून विभागाला कळवावे. पावसाळ्यात खड्ड्याचा फोटो काढण्यापेक्षा हा फोटो जास्त उपयोगी पडेल.